पिराजीअण्णांचं निवेदन

पिराजीअण्णा मेंगाण्यांचा आवाज एकेकाळी असा होता, की मैदानातली लाइट गेली तरी काही बिघडत नसे. माइक बंद पडो नाहीतर चालू राहो, शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा कुणी कुणाचा पट काढला ते अण्णांच्या तोंडून कळायचं. कोल्हापूर जिल्ह्यात कुस्त्यांचं मैदान ठरलं, की पैलवान कोण हे विचारायच्या आधी लोक निवेदक कोण ते विचारायचे, आणि निवेदक म्हणजे अण्णाच. पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या बापानं कुठं कुणाला आस्मान दाखवलं, सगळं तोंडपाठ. घरात मात्र माणूस मोजकं बोलायचा. झुंबरबाई म्हणायची, "सगळं बोलणं मैदानात सांडून येत्यात, माझ्या वाटणीला नुसतं हूं."

आणि आजाराची अक्कल बघा. ह्या माणसाचं नेमकं आधी काय न्यायचं, तर जीभ!

सुरुवातीला शब्द जड व्हायला लागले. पेठेतल्या लोकांनी लगेच भलतं ठरवून टाकलं. अण्णांनी ह्या वयात चालू केली वाटतं, असं कट्ट्यावर बोलणं सुरू झालं. मग हातातला कप सुटायला लागला, जिन्यावर पाय अडखळायला लागला. पुण्यात नेऊन तपासण्या केल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरतायत. ह्याला औषध नाही. बोलणं जाईल, हातपाय जातील, गिळणं जाईल आणि शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं वाक्य डॉक्टर दिलासा दिल्यासारखं बोलले आणि झुंबरबाईलाही तेव्हा बरं वाटलं. त्यातलं सगळ्यात वाईट तेच होतं, हे पुढं हळूहळू कळलं.

आता अण्णा चाकाच्या खुर्चीत बसून असायचे. बोटं गेल्यामुळं लिहिणं नाही, फोन नाही. आवाज होता, पण घशातून नुसता घरघर केल्यासारखा यायचा, त्याचे शब्द व्हायचे नाहीत. निदान दुसऱ्यांना तरी ते ऐकू येत नसत. झुंबरबाईला यायचे. कसे, ते तिलाही सांगता आलं नसतं. जन्मभर ज्या माणसाच्या नुसत्या हुंकारावरून भाजीत मीठ जास्त झालंय की कमी हे ओळखलं, त्याचं एवढं कळणं तिला काही विशेष वाटत नव्हतं. त्यामुळं अण्णांना जगाशी जे काही बोलायचं असेल, ते झुंबरबाईच्या तोंडून बोलावं लागायचं.

आणि इथंच सगळी गोची होती.

तपासायला डॉक्टरीणबाई घरी यायच्या. एकदा अण्णांनी त्यांच्याकडं बघत बराच वेळ घरघर केली. म्हणणं असं होतं, "बाई, शेवटी श्वास कोंडाय लागला आणि मी बास म्हणालो, तर औषध देऊन मला सोडवाल काय?"

"काय म्हणतायत काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

झुंबरबाई म्हणाली, "झोप लागत न्हाई म्हणालेत."

डॉक्टरीणबाईंनी झोपेची गोळी लिहून दिली. अण्णा बायकोकडं बघत राहिले. बाई गेल्यावर म्हणाले, "खोटं सांगितलंस."

"मग खरं सांगू व्हय? लोकं म्हणतील, नवऱ्याची सेवा जड झाली म्हणून मारायला निघाली." झुंबरबाईनं गोळ्यांचं पाकीट फडताळात आपटलं. "मरायचं नाव काढायचं न्हाई. मी हाय तवर तर न्हाईच न्हाई."

तिला राग आला होता आणि भीतीही वाटली होती. रात्री अंथरुणात त्यांच्या श्वासाकडं कान लावून पडायची तिला सवय झाली होती. तो श्वास आपल्या हातानं बंद करायची गोष्ट हा माणूस बोलतो म्हणजे काय, हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं.

पण अण्णा गप्प बसणारे नव्हते. शेजारी बाबालाल वकील राहायचे. संध्याकाळी ते खुर्चीजवळ येऊन बसायचे, पेपर वाचून दाखवायचे. एक दिवस अण्णांची लेक अनुजा जयसिंगपूरहून आली होती, तेव्हा अण्णांनी तिच्याकडून वकिलांना विचारून घेतलं. अनुजा शाळेत शिकवायची. तिला बापाचं बोलणं कळत नसे, पण तिनं बाराखडीची युक्ती काढली होती. ती अक्षरं म्हणत जायची आणि हवं ते अक्षर आलं की अण्णा डोळे मिटायचे. असं एकेक अक्षर टिपत टिपत प्रश्न उभा राहिला.

बाबालाल वकिलांनी चष्मा काढून पुसला. "अण्णा, आता नळ्या घालू नका, मशिनवर ठेवू नका, एवढं आधीच लिहून ठेवायचा हक्क कोर्टानं दिलाय. तो कागद आपण करू. पण डॉक्टरनं औषध देऊन मोकळं करावं म्हणालात, तर ते कायद्यात बसत न्हाई. देणारा डॉक्टर आत जाईल. त्याला कायदाच बदलाय पायजे, आणि कायदा वकील बदलत न्हाईत. तुम्ही मतं देऊन पाठवता, ती माणसं बदलत्यात."

झालं! अण्णांनी तेच धरलं. पुढच्या रविवारी दिवसभर बापलेक बाराखडी घेऊन बसले आणि आमदारांना द्यायचं निवेदन तयार झालं. झुंबरबाई स्वयंपाकघरात होती. तिनं त्या दिवशी एवढी भांडी आपटली, की खालच्या मजल्यावरची भाडेकरीण वर येऊन काय झालं म्हणून विचारून गेली.

अनुजा आत येऊन म्हणाली, "आई, ते आज मरायचं म्हणत नाहीत गं. उद्या गुदमरायची वेळ आली तर म्हणतायत."

"तू शिकलेली हाईस, तुला कळतंय," झुंबरबाई म्हणाली. "मला एवढंच कळतंय, की त्यांनी मला विचारलं न्हाई."

मग अनुजानं आमदारांच्या ऑफिसला फोन लावला. आमदारांचा वाढदिवस जवळ आला होता. फोन त्यांच्या पीएनं घेतला. आदर्श त्याचं नाव. वाढदिवसाचं मैदान, जेवणावळ, रक्तदान, फ्लेक्स, सगळं त्याच्याच गळ्यात, त्यामुळं तो एका कानानं ऐकत होता.

"पिराजी मेंगाण्यांची मुलगी बोलतेय," अनुजा म्हणाली. "साहेबांच्या वाढदिवसाला अण्णांचं निवेदन घ्याल का?"

आता कोल्हापुरात निवेदन म्हणजे आमदाराला द्यायचा कागदही, आणि निवेदन म्हणजे मैदानात माइकवर बोलणंही. आदर्शच्या डोक्यात मैदानच होतं.

"अण्णांचं निवेदन?" तो खूशच झाला. "अहो ताई, घेतो म्हणजे काय! तब्येत बरी नव्हती असं ऐकलं हुतं, म्हणून विचाराय धजलो न्हाई. साहेबांना लई आनंद हुईल."

अनुजालाही वाटलं, काय भला माणूस आहे.

आणि तिसऱ्या दिवशी पेठेच्या चौकात फ्लेक्स लागला. मधोमध आमदारसाहेब, खाली मांडीवर थाप मारणारे दोन पैलवान, आणि कोपऱ्यात फेटा बांधलेले, तोंड उघडून गरजणारे पिराजीअण्णा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, निवेदक पिराजी मेंगाणे. फोटो जुनाच होता. कट्ट्यावरच्या एकानं लांबूनच हात जोडले, कारण चौकात म्हाताऱ्या माणसाचा फोटो लागला की तो कशाचा असतो हे ठरलेलं. जवळ जाऊन वाचल्यावर त्याची चूक त्याला कळली.

बाबालाल वकिलांनी मोबाइलवर काढलेला फोटो अण्णांना दाखवला. अण्णा हसायला लागले. ह्या आजारात हसू एकदा सुटलं की आवरत नाही. हसता हसता ठसका लागला, झुंबरबाईनं पाठ चोळली, तोंड पुसलं.

"मी आदर्शला फोन करून सांगते," अनुजा शरमून फोनवर म्हणत होती. "चूक झाली म्हणते."

"न्हाई," अण्णा म्हणाले, आणि झुंबरबाईला ते पुढं सांगावं लागलं. "जायचं म्हणालेत. माइक हाय म्हणालेत तिथं."

झुंबरबाई तयार झाली, त्याचं लोकांना आश्चर्य वाटलं. तिच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. तिनं हिशेब केला होता. ह्यांचं बोलणं आपल्याशिवाय कुणाला कळत नाही. माइकवर आपण चार गोड शब्द बोलायचे, साहेबांना शुभेच्छा द्यायच्या, हार घालून घ्यायचा आणि घरी यायचं. ह्यांची मैदान बघायची हौस फिटेल आणि कागद ऑफिसात जाऊन पडेल. बोभाटा नको. माहेर तिचं मुरगूडचं, तिकडची निम्मी माणसं कुस्तीला येणार होती. त्यांच्यासमोर नवऱ्याच्या मरणाची मागणी कुठली बाई करेल?

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी बाबालाल वकिलांनी आपल्या गाडीतून तिघांना मैदानावर नेलं. इतक्या वर्षांच्या संसारात झुंबरबाई मैदानात कधी आली नव्हती. बायका जात नसत, विषय संपला. नवरा लाउडस्पीकरवर गाजतो हे तिनं घराच्या खिडकीतून ऐकलं होतं, एवढंच. आता समोर लाल मातीचा हौद, चहूबाजूंनी माणूसच माणूस आणि हलगीचा कडकडाट. तिनं पदर नीट केला आणि खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या.

आदर्शनं चाकाची खुर्ची बघितली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, हे..." तो अनुजाला म्हणाला.

"निवेदन आणलंय," अनुजानं कागद पुढं केला.

आदर्शनं कागद बघितला, फ्लेक्स बघितला आणि डोक्याला हात लावला. पण तोवर आमदार आलेच. त्यांनी वाकून अण्णांच्या पायाला हात लावला. लहानपणापासून त्यांनी अण्णांना ऐकलं होतं. आजारानं वाचा नेल्याचं त्यांच्या कानावर नव्हतं, कुणी सांगायच्या आत त्यांनी माइक स्वतः उचलून अण्णांच्या तोंडाशी धरला.

"अण्णा, दोन शब्द बोला. तुमच्याबिगार मैदान सुरू हुणार न्हाई."

अण्णा बोलायला लागले. लाउडस्पीकरमधून ती घरघर सगळ्या मैदानभर पसरली. हलगी थांबली. मागच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "अण्णा फुल्ल हायत आज," आणि खसखस पिकली. झुंबरबाईची कानशिलं तापली. तिनं आमदारांच्या हातातला माइक जवळजवळ हिसकावून घेतला.

"अण्णा आजारी हायत," ती म्हणाली. "त्यांचं मी सांगतो. अण्णा म्हणालेत, साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. सगळ्या पैलवानांस्नी आशीर्वाद."

टाळ्या पडल्या. आणि अण्णांनी मान हलवली. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. जिभेचं, हाताचं सगळं गेलं होतं, पण मान अजून त्यांची होती. मैदानातल्या शेवटच्या माणसालाही दिसलं, की अण्णा नाही म्हणतायत. टाळ्या हळूहळू विरल्या.

"वैनी," आमदार हसून म्हणाले, "अण्णांना दुसरंच काय सांगायचं हाय वाटतं."

"दमलेत ते."

अण्णांनी पुन्हा मान हलवली. मग बायकोकडं तोंड करून ते हळू बोलले. "झुंबर. तुझ्याबिगार मला तोंड न्हाई. तूच बंद केलंस, तर मग कुठनं बोलू?"

हे तिला एकटीला कळलं. बाकीच्यांना नुसती घरघर. आजारानं ह्या माणसाची जीभ नेली ती नेली, पण उरलंसुरलं बोलणं आपणच दाबून धरलंय, हे तिला त्या उन्हात, हजार माणसांसमोर लख्ख दिसलं. तिला स्वतःचा फार राग आला. रडूही आलं, पण ते तिनं आत ढकललं.

"सांगा," ती म्हणाली. "जसं हाय तसं सांगतो."

मग अण्णा एकेक वाक्य बोलत गेले आणि ती माइकवर ते म्हणत गेली.

"मी पिराजी मेंगाणे. मला आजार झालाय, तो बरा हुत न्हाई. पुढं गिळायचं बंद हुईल, मग श्वास बंद हुईल. तोपर्यंत डोकं चालू ऱ्हाईल, म्हणजे सगळं कळत ऱ्हाईल. मला आज मरायचं न्हाई. आज मला शेवटची कुस्ती बघायची हाय."

लोक थोडं हसले, पण ते हसणं आता वेगळं होतं.

"पण श्वास कोंडाय लागला आणि मी बास म्हणालो, तर डॉक्टरानं औषध देऊन मला सोडवावं, आणि त्यासाठी त्याला कुणी बेड्या घालू नयेत. बाहेरच्या काही देशांत असा कायदा हाय. आपल्यात न्हाई. साहेब, तुम्ही विधानसभेत ठराव मांडा आणि दिल्लीला पाठवा, एवढं माझं निवेदन हाय."

कोल्हापूरची बाई मी आलो, मी गेलो असंच बोलते, पुरुषासारखं. त्यामुळं मी मी म्हणून ऐकू येत होतं ते नेमकं कुणाचं, असा उशिरा आलेल्यांचा गोंधळ झाला. बाईच आजारी हाय व्हय, असं एकानं शेजाऱ्याला विचारलंही. शेजाऱ्यानं त्याला कोपरानं गप्प केलं.

आमदारांनी घसा साफ केला. त्यांचा वाढदिवस होता बिचाऱ्यांचा. "अण्णा, विषय नाजूक हाय," ते म्हणाले. "असा कायदा झाला, तर उद्या कुणीबी उठंल आणि म्हाताऱ्या आईबापाला नकोसं करून सोडवंल. जमिनीपायी माणसं काय काय करत्यात ते तुम्हाला ठाऊक हाय."

झुंबरबाईलाही घरी हेच वाटायचं. तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा बोलले. ह्या वेळी त्यांना बराच वेळ लागला, मध्ये लाळ पुसावी लागली.

"म्हणूनच कायदा पायजे म्हणालेत," तिनं सांगितलं. "दोन डॉक्टरांनी बघावं. माणसाला एकट्याला बसवून विचारावं, घरच्यांचा दाब हाय काय म्हणून. परत काही दिवसांनी विचारावं. कुस्तीला नियम नसला, तर ती नुसती मारामारी. आणि मातीत खालचा गडी गुदमराय लागला, तर पंच शिट्टी मारून जोड सोडवतोच की. त्या पंचाला कोण खुनी म्हणत न्हाई."

समोरच्या रांगेत म्हातारे पैलवान बसले होते. कान मोडलेले, गुडघे गेलेले. त्यातल्या एकानं "बरोबर हाय," असं म्हटलं. त्याच्या शेजारच्यानं जोरात मान हलवून "देवानं दिलेलं देवानंच न्यावं," असंही म्हटलं. दोघांची तिथंच जुंपली असती, पण हौदात उतरलेल्या पंचानं हात दाखवून त्यांना बसवलं.

"विचारतो," आमदार म्हणाले. "माझ्या एकट्याच्या हातात काय न्हाई. पण अधिवेशनात विचारतो." अनुजानं कागद पुढं केला, तो त्यांनी घेतला. आदर्शकडं न देता घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

अण्णा दमले होते. त्यांची मान छातीवर गेली आणि डोळे मिटले. निवेदन संपलं असं समजून हलगीवाल्यानं हलगी उचलली. पण झुंबरबाई माइक सोडेना. आदर्शनं हात पुढं केला, तो तिला दिसलाच नाही.

"मला हे पायजेत," ती माइकवर म्हणाली. "बोलले न्हाईत तरी पायजेत, उठले न्हाईत तरी पायजेत. रोज सकाळी मी आधी छाती हलती का बघतो आणि मग चूल पेटवतो. पण मला पायजेत म्हणून ह्यांनी गुदमरत पडून ऱ्हायचं, हे काय बरोबर न्हाई. तेवढा कायदा करा साहेब. लौकर करा."

आमदारांनी तिच्याकडं बघितलं, मग डोळे मिटून बसलेल्या अण्णांकडं बघितलं. ते तर काहीच बोलले नव्हते.

"वैनी," त्यांनी विचारलं, "हे पण अण्णांनीच सांगितलं?"

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "हे मी म्हणतो."

मग तिनं माइक आदर्शच्या हातात दिला आणि अण्णांची मान उचलून, त्यांना कुस्ती दिसेल अशी, आपल्या पोटाशी टेकवून धरली.